तीस धोटे

मेयोच्या फिजिओथेरपीत भिंतीवर घड्याळ आहे,
पण त्याचा सेकंदकाटा गळून काचेत पडलाय.
म्हणून रामटेके मॅडम म्हणाल्या,
काका, मनात मोजा. तीस.
घाई नाही करायची.

मी आकडे मोजत नाही, धोटे मोजतो.
एक, डावीकडून उजवीकडे.
दोन, उजवीकडून डावीकडे.
गोळीबार चौकामागे खड्ड्यात पाय सोडून
एकतीस वर्षं असंच मोजलं.
मग माग विकला, आणि बारा वर्षं
एटीएमच्या दारात, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.
गुडघे तिथंही वाकलेलेच.

"मांडीमागची शीर नाही हो ती, स्नायू आहे.
आखूड झालाय.
इतकी वर्षं वाकवून ठेवला, तर तो तरी काय करेल?"
पटलं.
पांजणीचं सूत उन्हात एकदा आक्रसलं
की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पाठीवर झोपायचं. एक पाय पसरलेला.
दुसऱ्याच्या तळव्याला पट्टा,
गुडघा हळूहळू सरळ, टाच छताकडे.
ओढ लागली पाहिजे, कळ नाही.
मुंग्या आल्या तर थांबायचं, सांगायचं.
आणि हिसका द्यायचा नाही.
अजी, हे मले सांगता?
हिसक्यानं ताणा तुटतो,
हे मी सात वर्षांचा असताना मार खाऊन शिकलो.

पट्टा सैल न पडणारा हवा, म्हणाल्या.
गिरजानं ट्रंकेतून जुन्या लुगड्याची कोर फाडून दिली.
"तुमच्याच हातचं आहे. इतकी वर्षं धुतलं,
बोटभर ढिलं नाही झालं."
चेष्टा होती की तारीफ,
चव्वेचाळीस वर्षं झाली, तिचं अजून कळत नाही.

शुक्रवारी मॅडमनी नवंच काढलं.
माझी टाच उचलली
आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवली.
"आता खाली दाबा. मला ढकला."

मी पाय काढून घेतला.
पोरीच्या वयाची, त्यात डॉक्टर,
आणि तिच्या खांद्यावर माझा पाय!
हात आपोआप तिच्याकडे गेला, मग कपाळाला.
"काका, नमस्कार नको. दाबा."
पुन्हा ठेवला. पुन्हा हात गेला.
शेजारच्या खाटेवरचा प्लास्टरवाला पोट्टा फिदीफिदी हसला.
"तुम्ही असे पाया पडत बसलात
तर संध्याकाळपर्यंत इथंच आहोत आपण."

मग दाबलं.
आधी पाहुण्यासारखं.
मग खरं.
सागाचा माग किलोवर तोलून नेणारा तो भंगारवाला,
रात्री तीनला काच वाजवून
"ए बुढ्ढे, उठ" म्हणणारी ती पोरं,
सगळे टाचेत उतरले.
ती हलली नाही.
"सहा सेकंद. बस्स. आता सोडा.
श्वास सोडा. सगळं सोडा."

सोडलं.
आणि पाय, बाप्पा,
तिनं नुसता हात लावला तर
चार बोटं वर गेला,
जिथं तो कधी गेलाच नव्हता.
"असं काहून होते?"
त्या काहीतरी मेंदूबिंदूचं सांगत होत्या.
माझं लक्ष नव्हतं. मी पंखा पाहत होतो
आणि त्याच्या खाली माझा अंगठा.

आज रविवार. मे महिना.
फरशी सकाळी सातलाच तापलीय.
दाराच्या चौकटीला टाच टेकवून पडलोय,
अर्धा घरात, अर्धा गल्लीत.
दूधवाला ओलांडून जाताना थबकला,
"काय झालं, काका?"
"काही नाही. ताणा लावलाय."

पाय सरळ ठेवून अंगठा धरता येत नाही अजून,
वीतभर राहतो.
पण काल पायरीवर बसून
पायाची नखं कापली. माझी मी.
सहा वर्षं गिरजा कापायची, बडबडत.
काल मोरीच्या उंबऱ्यावरून पाहत होती,
काही बोलली नाही.
नंतर नेलकटर उचललं
आणि डब्यात ठेवायचं सोडून
हातातच धरून बसली थोडा वेळ.

सत्तावीस. अठ्ठावीस.
डावा पाय बाकी आहे.